सें-लुई ते नाताल: एका अंतराचा इतिहास

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सेनेगाल नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, सें-लुई नावाचे एक जुने शहर आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळात ते राजधानीचे शहर होते. ब्राझीलच्या ईशान्य टोकाशी नाताल हे दुसरे शहर आहे. १५९९ सालच्या ख्रिस्तजन्माच्या दिवशी वसवले गेले म्हणून त्याला हे नाव मिळाले. हाच पोर्तुगीज शब्द मराठीत 'नाताळ' होऊन रुळला आहे, त्यामुळे मराठी कानाला या शहराचे नाव परके वाटू नये. दोन्ही शहरांना विमानतळ आहेत. दोन्ही विमानतळ आज प्रादेशिक म्हणावेत अशा दर्जाचे आहेत आणि दोहोंच्या मध्ये दक्षिण अटलांटिक महासागर पसरलेला आहे.

या दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन पृथ्वीच्या गोलावरून त्यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा काढली, तर ती सुमारे ३,१८० किलोमीटर भरते. आजच्या जेट विमानाचा वेग ताशी ८५० किलोमीटर धरला, तर हे अंतर पावणेचार तासांचे होते. चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवला की सव्वाचार तास. सेनेगालचे घड्याळ नातालच्या घड्याळापेक्षा तीन तास पुढे असल्याने, सकाळी आठला निघालेला प्रवासी स्थानिक वेळेनुसार सव्वानऊलाच पोचेल. गणित अचूक आहे. मात्र असा प्रवासी कोठेही नाही. या दोन विमानतळांना थेट जोडणारी नियमित विमानसेवा आज अस्तित्वात नाही. कोणत्याही दोन बिंदूंमधले अंतर आणि त्यासाठी लागणारा वेळ क्षणार्धात सांगणारी साधने आज हाताशी आहेत, पण त्यांना प्रवास घडतो की नाही याच्याशी कर्तव्य नसते.

एके काळी मात्र या दोन नावांमधल्या तासांसाठी माणसे जीव देत होती, आणि त्या तासांमधून विसाव्या शतकातील काही महत्त्वाचे गद्य जन्माला आले. आम्ही येथे जो मुद्दा मांडू इच्छितो तो थोडक्यात असा: अंतर भूगोल देतो, पण प्रवासाचा वेळ इतिहास घडवतो. वेग हा त्या वेळेचा केवळ एक घटक असतो. रात्र, ऋतू, इंधन, थांबे, पगारी माणसे, बिनतारी यंत्रे, वाटेतल्या लोकांचा विरोध आणि मृत्यू हे सारे त्या एका आकड्यात विरघळलेले असते. वेळापत्रक हा आकडा देते आणि बाकीचे पुसून टाकते. ते पुसलेले पुन्हा वाचता येते का, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला परका नाही.

या कथेची सुरुवात फ्रान्समधील तुलूझ शहरात होते. पहिले महायुद्ध संपले तेव्हा विमाने बांधणाऱ्या प्येर-जॉर्ज लातेकोएर या उद्योजकाकडे कारखाना होता, पण युद्ध उरले नव्हते. तुलूझपासून स्पेन, मोरोक्को, सेनेगाल आणि पुढे दक्षिण अमेरिका अशी टपालाची हवाई वाट बांधावी, अशी त्याची कल्पना होती. २५ डिसेंबर १९१८ रोजी, म्हणजे पुन्हा एका नाताळाच्या दिवशी, तुलूझहून बार्सेलोनापर्यंत पहिले उड्डाण झाले. १९१९ मध्ये मोरोक्कोपर्यंतची सेवा सुरू झाली आणि १९२५ मध्ये कासाब्लांका ते डाकार हा टप्पा जोडला गेला. १९२७ मध्ये कंपनीची मालकी बदलून ती 'एरोपोस्ताल' या नावाने ओळखली जाऊ लागली. वैमानिक तिला नुसते 'लाइन' म्हणत, म्हणजे मार्ग.

या मार्गावरची सुरुवातीची विमाने युद्धातून उरलेली 'ब्रेगे १४' जातीची होती. त्यांचा वेग ताशी सुमारे १२५ किलोमीटर होता. वैमानिकाची बैठक उघडी असे आणि इंजिन वाटेत बंद पडणे ही नित्याची बाब होती. येथे एक साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. अशा विमानाने दिवसाच्या उजेडात दहा तास उड्डाण केले तर ते १,२५० किलोमीटर जाते आणि अंधार पडला की उतरते. ताशी ६० किलोमीटरने धावणारी आगगाडी मात्र रात्रीही धावते, आणि चोवीस तासांत १,४४० किलोमीटर कापते. विमान दुपटीने वेगवान असूनही हरते. वेगाचा सगळा फायदा रात्र गिळून टाकते. म्हणून टपालाच्या विमानाला रात्रीही उडणे भाग होते. ती धाडसाची हौस नव्हती, हिशेबाने लादलेली सक्ती होती. दक्षिण अमेरिकेत झां मेर्मोझ या वैमानिकाने १९२८ मध्ये रात्रीची उड्डाणे सुरू केली. धावपट्टीवर पेटवलेले पलिते आणि आभाळातले तारे एवढाच त्या रात्रींचा उजेड होता.

आंत्वान द सेंत-एक्झ्युपेरी १९२६ मध्ये या कंपनीत दाखल झाला आणि १९२९ मध्ये अर्जेंटिनातील हवाई टपालाचा प्रमुख म्हणून ब्वेनोस आयरेसला आला. 'व्होल द न्वी' म्हणजे 'रात्रीचे उड्डाण' ही त्याची छोटी कादंबरी १९३१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिला त्याच वर्षी 'फेमिना' पारितोषिक मिळाले. वर केलेले आगगाडीचे गणित हाच तिचा पाया आहे. दिवसा मिळवलेली आघाडी रात्री गमवायची नाही, हे रिव्हिएर या अधिकाऱ्याचे सूत्र आहे. पॅटागोनिया, चिली आणि पॅराग्वे येथून तीन विमाने टपाल घेऊन ब्वेनोस आयरेसकडे येत आहेत. ती आली की युरोपचे विमान निघायचे आहे. दोन पोचतात. पॅटागोनियाहून येणारा फाबियें वादळात सापडतो आणि परतत नाही.

आंद्रे जीदने या कादंबरीला प्रस्तावना लिहिली आणि कर्तव्याच्या स्वीकारातून मिळणाऱ्या समाधानाकडे वाचकाचे लक्ष वेधले. तेव्हापासून ही कादंबरी बहुधा शौर्याची आणि कर्तव्याची कथा म्हणून वाचली गेली. आम्हांला वाटते की ती त्याहून अधिक घड्याळाची कादंबरी आहे. तिच्यातील प्रत्येक पात्राला स्वतःचा काळ आहे. कचेरीत विमानांच्या आगमनाच्या वेळा नोंदल्या जात आहेत. घरी फाबियेंची पत्नी जेवणाची तयारी करून, तो आता कोठवर आला असेल याचा हिशेब करते आणि अखेर विमानतळावर फोन करते. विमानात फाबियेंसमोरचा काळ पेट्रोलच्या टाकीतला आहे. जमीन किती किलोमीटरांवर आहे हा प्रश्न त्याच्यापुरता अर्थहीन झालेला असतो, कारण खाली जमीन आहे की समुद्र हेच त्याला कळत नाही. ढगांच्या फटीतून तो वर चढतो आणि ताऱ्यांच्या शांत उजेडात येतो. तेथून खाली उतरण्याची वाट नाही हे त्याला ठाऊक आहे. इकडे कचेरीत कोणीही मृत्यू पाहत नाही. घड्याळाचा काटा एका जागेच्या पुढे सरकतो, आणि पेट्रोल आता संपले असले पाहिजे एवढ्यावरून सर्वांना सारे कळते. मृत्यूची अशी निव्वळ अंकगणितातून आलेली बातमी त्यापूर्वीच्या कादंबरीत आम्हांला तरी आठवत नाही.

त्यानंतर रिव्हिएर युरोपचे विमान वेळेवर सोडतो. ही कृती थोर आहे की निर्दय, याचे उत्तर कादंबरी देत नाही. एका माणसाच्या आयुष्याचे मोल आणि टपालाच्या वाचलेल्या तासांचे मोल एकाच तराजूत कसे घालायचे, हा प्रश्न रिव्हिएरलाही छळतो. पण विमान थांबवले तर रात्रीची उड्डाणेच बंद पडतील, आणि मग फाबियेंचा मृत्यू फुकट जाईल, या युक्तिवादापाशी तो पोचतो. मृताच्या नावाने वेळापत्रक चालू ठेवण्याचा हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. विसाव्या शतकातील अनेक संस्थांनी तो वापरला.

आता पुन्हा महासागराकडे वळू. १ मार्च १९२८ रोजी फ्रान्स ते दक्षिण अमेरिका अशी टपालसेवा सुरू झाली, तेव्हा तिचे दोन हात आभाळात होते आणि मधला धड समुद्रात होता. आफ्रिकेपर्यंत विमान, तेथून ब्राझीलपर्यंत जलद टपालबोटी आणि पुढे पुन्हा विमान. ताशी चौदा सागरी मैलांच्या आसपास चालणाऱ्या बोटीला समुद्र ओलांडण्यास चार-पाच दिवस लागत. वाळवंटावरून आणि अँडीज पर्वतावरून जीव धोक्यात घालून वाचवलेले तास या एका टप्प्यात वाहून जात. म्हणूनच सें-लुई आणि नाताल या दोन नावांमधली रेषा साऱ्या मार्गाचा कळीचा भाग बनली.

१९२७ च्या ऑक्टोबरात कोस्त आणि ल ब्री यांनी सें-लुईहून नातालला न थांबता उड्डाण केले होते. पण तो विक्रम होता, सेवा नव्हती. १२ मे १९३० रोजी मेर्मोझ, दिग्दर्शक झां दाब्री आणि बिनतारी संदेशक लेओपोल झिमिए हे तिघे सुमारे सव्वाशे किलो टपाल घेऊन सें-लुईच्या पाण्यावरून उडाले. त्यांचे 'लातेकोएर २८' हे एका इंजिनाचे, पाण्यावर तरंगण्यासाठी पोकळ नौका लावलेले विमान होते. विषुववृत्ताच्या उत्तरेला दोन्ही गोलार्धांतले वारे एकमेकांना भिडतात आणि ढगांच्या प्रचंड भिंती उभ्या राहतात. फ्रेंच खलाशी या पट्ट्याला 'काळे भांडे' म्हणत. त्यातून वाट काढत सुमारे २१ तासांनी, १३ मे रोजी ते नातालला पोचले. चार-पाच दिवसांचा समुद्र एका दिवसाहून कमी काळाचा झाला होता.

परंतु या २१ तासांचे नीट विभाजन करून पाहिले पाहिजे. विमानाला दिशा सांगणारे बिनतारी संकेत समुद्रातील बोटींकडून येत होते. म्हणजे ज्या संथ टपालबोटींना हे उड्डाण निरुपयोगी ठरवणार होते, त्यांच्याच आधाराने ते पार पडले. जुलै १९३० मध्ये परतीच्या उड्डाणात इंजिनातील तेल गळू लागले आणि मेर्मोझला खवळलेल्या समुद्रात उतरावे लागले. ते कंपनीच्याच एका बोटीजवळ उतरले. माणसे आणि टपाल वाचले, विमान बुडाले. वेगाच्या इतिहासात संथ साधनांचा हा वाटा सहसा नोंदला जात नाही.

पुढची काही वर्षे हीच रेषा निरनिराळ्या रीतींनी मोजली गेली. १९३१ मध्ये एरोपोस्ताल कंपनी आर्थिक अडचणीत सापडून अवसायनात निघाली आणि १९३३ मध्ये एअर फ्रान्समध्ये विलीन झाली. त्याच वर्षी १६ जानेवारीला मेर्मोझने 'आर्क-आं-सिएल' म्हणजे 'इंद्रधनुष्य' या तीन इंजिनांच्या विमानातून सें-लुई ते नाताल हे अंतर सुमारे साडेचौदा तासांत कापले. १९३४ मध्ये जर्मनांनी आपली नियमित टपालसेवा सुरू केली. त्यांनी समुद्राच्या मध्यावर एक जहाज उभे केले. विमान त्याच्याजवळ पाण्यावर उतरे, जहाजावर उचलून घेतले जाई, इंधन भरून घेई आणि यंत्राच्या फेकीने पुन्हा आभाळात सोडले जाई. फ्रेंचांची संपूर्ण हवाई अशी साप्ताहिक सेवा मात्र १९३६ च्या जानेवारीत सुरू झाली. पहिले टपाल-उड्डाण आणि नियमित वेळापत्रक यांच्यामध्ये जवळजवळ सहा वर्षे गेली. एकदा करून दाखवणे आणि दर आठवड्याला करणे यांतील हे अंतर किलोमीटरांत मोजता येत नाही.

त्याच वर्षी ७ डिसेंबरला मेर्मोझ चार सहकाऱ्यांसह डाकारहून 'क्र्वा-द्यु-स्युद' या विमानातून नातालकडे निघाला. मागच्या बाजूचे उजवे इंजिन बंद करीत असल्याचा एक त्रोटक संदेश आला आणि त्यानंतर शांतता पसरली. त्यांचा काहीही माग लागला नाही.

या मार्गावर शंभराहून अधिक माणसांनी प्राण गमावले. ही किंमत कोणत्या वहीत नोंदली गेली, असा प्रश्न पडतो. सेंत-एक्झ्युपेरीची पहिली कादंबरी 'कुरिए स्युद' म्हणजे 'दक्षिणेचे टपाल' १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचा नायक बेर्निस वाळवंटात मरतो आणि पुस्तक तारेच्या भाषेत संपते: वैमानिक गेला, विमान मोडले, टपाल मात्र सुखरूप असून पुढे रवाना झाले. शेवटची तार टपाल पोचल्याची आहे. कार्यालयाच्या दृष्टीने प्रवास पूर्ण झालेला असतो. तारेची ही कोरडी भाषा लेखकाने जशीच्या तशी शेवटी ठेवली आणि तिच्याआधी एका माणसाचे प्रेम, बालपण आणि एकटेपण मांडले. या दोन भाषांच्या शेजारामुळेच वाचकाला तारेतील रिकामी जागा दिसते. वेळापत्रकाने पुसलेले साहित्य कसे परत आणते, याचे याहून स्पष्ट उदाहरण देणे कठीण आहे.

तथापि या साहित्याच्याही वहीत काही रकाने कोरे आहेत आणि त्यांकडे दुर्लक्ष करणे योग्य होणार नाही. कासाब्लांका ते डाकार ही वाट स्पेनच्या ताब्यातील वाळवंटावरून जात होती. तेथील टोळ्यांनी परकी सत्ता मान्य केलेली नव्हती. उतरावे लागलेल्या वैमानिकांना त्या पकडत आणि खंडणी मागत. १९२६ मध्ये एराब्ल आणि पिंतादो ही कंपनीची दोन माणसे त्यांच्याकडून मारली गेली. म्हणून विमाने जोडीने उडत आणि बरोबर स्थानिक दुभाषा असे. १९२७ मध्ये सेंत-एक्झ्युपेरीला कॅप ज्युबी या ठाण्यावर नेमले गेले ते या लोकांशी संबंध राखण्यासाठीच. 'तेर देझ ओम' (१९३९) या पुस्तकात त्याने एका गुलामाच्या सुटकेची हकीकत सहृदयतेने सांगितली आहे. तरीही टोळ्यांच्या दृष्टीने हे वाळवंट म्हणजे दोन ठाण्यांमधले रिकामे अंतर नव्हते, ते त्यांचे राहते घर होते, ही जाणीव त्याच्या लेखनात अधूनमधूनच डोकावते. पॅरिस आणि ब्वेनोस आयरेस यांच्या पत्रव्यवहाराचे दिवस वाचावेत म्हणून कोणाच्या तरी भूमीचे रूपांतर नुसत्या अंतरात झाले. अंतर हा आकडाही सर्वस्वी निष्पाप नसतो.

या इतिहासाचा एक धागा आपल्याकडेही येतो. जे. आर. डी. टाटा यांचे बालपण काही अंशी फ्रान्समध्ये गेले. आर्देलो येथील समुद्रकिनाऱ्यावर त्यांच्या घराजवळ इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचे घर होते आणि विमानाचे वेड तेथेच जडले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी लंडनहून कराचीपर्यंत आलेले टपाल त्यांनी अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूच्या मैदानावर आणले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जाई, त्यामुळे त्या महिन्यांत मुंबईऐवजी पुण्याला उतरावे लागे. म्हणजे कराची ते मुंबई हा हवाई मार्ग वर्षातील काही महिने वस्तुतः कराची ते पुणे असा असे. तेथे रात्रीने जे केले ते येथे आषाढ-श्रावणाने केले.

दुसऱ्या महायुद्धात नाताल काही काळ जगाच्या मध्यावर आले. अमेरिकेने तेथे मोठा हवाई तळ उभारला आणि आफ्रिकेकडे जाणारी विमाने तेथून समुद्र ओलांडू लागली. कासाब्लांका परिषदेनंतर रूझवेल्ट १९४३ च्या जानेवारीत गॅंबियातील बाथर्स्टहून विमानाने नातालला आले आणि ब्राझीलचे अध्यक्ष व्हार्गस यांना भेटले. पुढे विमानांचा पल्ला वाढला. पॅरिसहून निघालेले विमान थेट रिओला जाऊ लागले आणि समुद्राच्या सर्वांत अरुंद भागाच्या दोन काठांवर थांबण्याची गरज संपली. सें-लुई आणि नाताल यांना महत्त्व देणारी गोष्ट विमानांची दुर्बलता ही होती. ती सरली आणि त्यांचे महत्त्वही सरले. २०१४ मध्ये नातालचा नागरी विमानतळही जुन्या जागेवरून हलवून शहराच्या दुसऱ्या बाजूला नेण्यात आला. अंतराच्या आकड्यात त्यामुळे काही किलोमीटरांचा फरक पडला, तो कोणाच्या ध्यानातही आला नसेल.

समुद्र मात्र तेथेच आहे. १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान याच ढगांच्या पट्ट्यात, ब्राझील आणि सेनेगाल यांच्या नियंत्रणक्षेत्रांच्या सीमेजवळ नाहीसे झाले. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साचले, आकडे विसंगत झाले आणि साडेचार मिनिटांच्या आत २२८ माणसांसह विमान समुद्रात गेले. वादळ जीवघेणे होते असे म्हणता येत नाही, कारण त्याच रात्री इतर विमाने त्या भागातून सुखरूप गेली. आकडे चुकले आणि त्या आकड्यांवाचून आभाळ वाचण्याची सवय वैमानिकांना उरली नव्हती. अवशेष समुद्रतळाशी सापडायला २०११ चा एप्रिल उजाडला. मेर्मोझनंतर ७३ वर्षांनी त्याच पाण्यावर तीच शांतता पुन्हा काही काळ पसरली होती.

प्रवास आणि साहित्य यांचा विचार करताना आपण बहुधा प्रवासवर्णनाकडे वळतो. वेळापत्रक, टपालाच्या नोंदी, तारा आणि अंतरांचे तक्ते यांना आपण साधन मानतो, संहिता मानत नाही. आम्हांला वाटते की वर्गात 'व्होल द न्वी' शिकवताना विद्यार्थ्यांच्या हाती आधी हे साधे कोष्टक द्यावे: बोटीने चार-पाच दिवस, १९३० मध्ये २१ तास, १९३३ मध्ये साडेचौदा, आज कागदावर सव्वाचार. मग त्यांना विचारावे, की प्रत्येक दोन आकड्यांमधल्या वजाबाकीत कोण कोण आहे. त्यानंतर कादंबरी उघडावी.